साकोली–दिघोरी–लाखांदूर–वडसा रस्ता : कुठून कुठं जातो, कोणाचा आहे आणि कोणती माहिती आपल्या कामाची

दिघोरी (मोठी) | प्रतिनिधी

साकोलीहून निघून सानगडी, दिघोरी (मोठी), लाखांदूर करत वडशाला जाणारा रस्ता हा आपल्या भागाचा मुख्य रस्ता. धान विकायचा असो, दवाखाना असो, पोरांचं कॉलेज असो की नागपूरची गाडी पकडायची असो, याच रस्त्याला लागावं लागते. लाखांदूर तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळं या डांबराशिवाय दुसरा आधार नाही.

पण रस्त्याचा नंबर काय, तो कोणाच्या ताब्यात आहे, खड्डा पडला तर सांगायचं कोणाला, रुंदीकरणात जमीन जात असेल तर हरकत किती दिवसांत घ्यायची, हे विचारलं तर बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. रोज वापरतो त्या रस्त्याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख. मोबाईलमध्ये जपून ठेवा, कधी ना कधी कामी पडेल.

रस्ता एका नजरेत

- नंबर : राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी
- सुरुवात : साकोली, जिल्हा भंडारा (राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून)
- शेवट : तेलंगणातील आत्मकूरजवळ (राष्ट्रीय महामार्ग १६३ वर)
- भंडारा जिल्ह्यातील मुख्य ठिकाणे : साकोली, कुंभली, सानगडी, दिघोरी (मोठी), लाखांदूर
- गडचिरोली जिल्ह्यातील मुख्य ठिकाणे : वडसा (देसाईगंज), आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा
- साकोली ते लाखांदूर अंतर : ४० किलोमीटरच्या थोडं वर. दिघोरी साधारण मधोमध
- लाखांदूर ते वडसा अंतर : जवळपास २० किलोमीटर
- आपल्या भागातली मोठी नदी : चुलबंद. लाखांदूरच्या खाली वैनगंगेचा काठ

३५३ सी हा नंबर कसा पडला

पूर्वी साकोलीवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला सगळे 'नॅशनल हायवे ६' म्हणत. जुनी माणसं अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. २०१० मध्ये देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवीन नंबर दिले गेले. त्यात हा रस्ता ५३ नंबरचा झाला. गुजरातमधल्या सुरतजवळच्या हजीरापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत तो जातो. वाटेत जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, रायपूर, संबलपूर ही शहरं लागतात.

मुख्य महामार्गाला जे फाटे फुटतात, त्यांच्या नंबरात शेवटी मुख्य रस्त्याचा नंबर राहते आणि पुढं एक आकडा लागते. म्हणजे ५३ चे फाटे १५३, २५३, ३५३ असे. त्याच नंबरात आणखी वेगळे रस्ते असले की मागं ए, बी, सी अशी अक्षरं लागतात. म्हणून आपला रस्ता ३५३ सी. नंबर पाहूनच समजते की हा ५३ नंबरच्या झाडाचा फांदा आहे.

हा नंबर पाठ असणं गरजेचं आहे. अर्ज करताना 'साकोली रोड' किंवा 'लाखांदूर रोड' एवढंच लिहिलं तर कागद या टेबलवरून त्या टेबलवर फिरत राहते. 'राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी, किलोमीटर अमुक' असं लिहिलं की तो कुठं पाठवायचा हे बाबूलाही लगेच समजते.

साकोली ते दिघोरी

साकोली हे तालुक्याचं ठिकाण. इथून पश्चिमेला भंडारा साधारण ४० आणि नागपूर १०० किलोमीटर. पूर्वेला देवरी, पुढं छत्तीसगड. उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल. आपला रस्ता साकोलीत ५३ नंबर सोडून दक्षिणेकडे वळते. नागपूर, रायपूरच्या गाड्या इथंच मिळतात, आणि उपजिल्हा रुग्णालयही इथंच आहे. त्यामुळं दिघोरी भागातला माणूस लाखांदूर तालुक्याचा असूनही अर्ध्या कामासाठी साकोलीलाच जाते.

याला जुनं कारणही आहे. इंग्रजांच्या काळापासून भंडारा जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. आपला भाग साकोलीत मोडत होता. म्हणून आजा-पणज्याच्या जुन्या कागदावर 'तहसील साकोली' दिसली तर गोंधळू नका. पुढं तालुके वाढले. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर हे सात तालुके राहिले.

साकोली सोडल्यावर कुंभलीकडे चुलबंद नदी लागते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या डोंगरातून ही नदी येते, आणि साकोली, लाखनी, लाखांदूर तालुक्यांच्या शेतीला पाणी देत वैनगंगेला मिळते. निम्न चुलबंद प्रकल्प कुंभलीलाच आहे.

त्याच्या पुढं सानगडी. इथला जुना किल्ला सहानगड म्हणून ओळखला जाते. रस्त्यानं रोज जाणारे कितीक लोक असे आहेत की ज्यांनी तो किल्ला आत जाऊन पाहिला नाही. सानगडी साकोली तालुक्यात. तिथून पुढं आलं की लाखांदूर तालुका सुरू होते आणि आपली दिघोरी येते.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी समाजानं आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव, गावागावच्या बोड्या, तलावाखालच्या धानाच्या बांध्या, हेच या रस्त्याच्या दोन्ही बाजूचं चित्र. इथला रस्ता करताना पाणी कुठून कुठं जाते हे बघावंच लागते. भर टाकून रस्ता उंच केला आणि मोरी लहान ठेवली, तर वरच्या बांधीत पाणी साचते आणि खालची बांधी कोरडी राहते. काम चालू असतानाच हे दाखवून द्यायला पाहिजे. डांबर पडल्यावर मोरी कोणी वाढवून देत नाही.

दिघोरी : नाव पूर्ण सांगा

दिघोरी नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत. आपल्याच जिल्ह्यात लाखनी तालुक्यातही दिघोरी आहे. नागपूर शहरात उमरेड रोडवर दिघोरी नावाचा मोठा भाग आहे, आणि मोबाईलवर नुसतं 'दिघोरी' टाकलं की बहुतेक वेळा तोच समोर येते. पार्सल चुकलं तर परत येईल, पण रुग्णवाहिका बोलावताना अशी गफलत परवडत नाही. म्हणून फोनवर नेहमी असं सांगा : 'दिघोरी मोठी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, साकोली–लाखांदूर रोड.'

दिघोरीला पोलीस ठाणे आहे. या रस्त्यावर साकोली, दिघोरी, लाखांदूर ही तीन ठाणी येतात. अपघात झाल्यावर 'हद्द कोणाची' या वादात पडू नका. ११२ वर फोन करा, हद्द ते ठरवतील.

लाखांदूर ते वडसा

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याचं दक्षिणेकडचं शेवटचं तालुका ठिकाण. नगरपंचायत, तहसील, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, सगळी सरकारी कामं इथं. एका बाजूला पवनीकडे जाणारी वाट आणि खाली वैनगंगा.

लाखांदूरच्या पुढं जिल्हा बदलते आणि वडसा येते. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव देसाईगंज, बोलण्यात वडसा. रेल्वे स्टेशनचं नावही वडसाच. त्यामुळं ऑनलाइन तिकीट काढताना 'देसाईगंज' नाही, 'वडसा' शोधा. गोंदियाहून नागभीड, बल्लारशाकडे जाणाऱ्या लाईनवर हे स्टेशन आहे. ही लाईन पूर्वी छोटी होती, १९९० च्या दशकात तिची मोठी लाईन झाली. वडसा ते गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या नव्या लाईनचं कामही हाती घेतलेलं आहे.

म्हणजे आपल्या रस्त्याच्या एका टोकाला नागपूर–रायपूरचा मोठा हायवे आणि दुसऱ्या टोकाला रेल्वे. दिघोरीच्या माणसाला वडशापेक्षा साकोली जवळ पडते. गोंदिया, बल्लारशा, चांदा जायचं असेल तर वडसा सोपं. भंडारा, नागपूर, रायपूर जायचं असेल तर साकोली.

वडशाच्या पुढं : सिरोंचा, मग तेलंगणा

कितीक लोकांना वाटते की हा रस्ता वडशाला संपते. तसं नाही जी. वडशाहून आरमोरी, तिथून गडचिरोली. वडसा ते गडचिरोली पन्नासेक किलोमीटर. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. पुढं चामोर्शी, मग आष्टी. या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आणि कोनसरीचा कारखाना, त्यामुळं जड वाहनांची मोठी वर्दळ आहे. आष्टीहून आलापल्ली, आणि आलापल्लीहून जंगलातून जवळपास १०० किलोमीटर गेल्यावर सिरोंचा. सिरोंचाजवळ गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणातलं कालेश्वरम. पुढं महादेवपूर, भूपालपल्ली, परकाल करत रस्ता आत्मकूरजवळ हैदराबाद–वरंगलकडच्या १६३ नंबरच्या महामार्गाला मिळते.

नकाशावर आणखी एक गोष्ट दिसते. चुलबंदचं पाणी वैनगंगेला मिळते. आष्टीच्या खाली चपराळ्याकडे वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे कुंभलीच्या पुलाखालून गेलेलं पाणी आणि पुलावरून गेलेली गाडी, दोन्ही शेवटी सिरोंचाला पोचतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेलेल्या पाण्याच्या दिशेनंच हा रस्ता गेला आहे.

पावसाळ्यात काय बघायचं

आपल्याकडे पूर दोन प्रकारचा येते. पहिला चुलबंदचा. वरच्या भागात रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी पाणी खाली येते. दुसरा वैनगंगेचा, आणि तो जास्त त्रासाचा. आपल्याकडे पाऊस नसला तरी मध्य प्रदेशातल्या धरणातून पाणी सोडलं की वैनगंगा फुगते. ती फुगली की चुलबंद आणि नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट मागं सरकते. यालाच आपण थोप म्हणतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असंच झालं. संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा, पवनी, लाखांदूर, तिकडे ब्रह्मपुरी, वडसा सगळीकडे पूर घुसला. आभाळ कोरडं आणि घरात पाणी, असं कितीक गावांनी पाहिलं.

म्हणून पावसाळ्यात आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहून प्रवास ठरवू नका. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत. किती दरवाजे उघडले हा आकडा रोजच्या बातमीत येते, तो बघत जा. मुख्य रस्ता चालू असला तरी गावाकडे जाणाऱ्या फाट्यावरचे कमी उंचीचे रपटे आधी बुडतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर खोली किती हे वरून समजत नाही, आणि खालचा रस्ता खचला असेल तेही दिसत नाही. ट्रॅक्टर मोठा आहे म्हणून निघून जाईल, या भरवशावर पाण्यात घालू नका.

धानाचा हंगाम आणि रस्ता

आमच्याकडे रस्त्याचं वर्ष धानाच्या हंगामाप्रमाणं चालते. जून-जुलैत पऱ्हे, मग रोवणी. चिखल लागलेली चाकं घेऊन ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरावर येतात. तो चिखल पावसात भिजला की दुचाकी घसरायला वेळ लागत नाही. ट्रॅक्टर रस्त्यावर आणायच्या आधी धुऱ्यावरच चाकाचा चिखल पाडायला पाच मिनिटं लागतात, तेवढी काढा.

दिवाळीच्या आगंमागं हलका धान, नंतर भारी धान. कडपा उचलला, पुंजणे लागले, मळणी झाली की रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्या, तणसाचे भारे आणि खरेदी केंद्रासमोर गाड्यांच्या रांगा. इटियाडोह धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागात उन्हाळी धानही निघते, म्हणजे मे महिन्यात पुन्हा तेच. या दिवसात मोठा धोका असते तो अंधारात उभ्या ट्रॉलीचा. रांगेत नंबर लावून ट्रॉली रात्रभर रस्त्याच्या कडेला सोडून देतात. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. रस्ता चांगला झाल्यापासून मागून येणाऱ्या गाडीचा वेगही वाढला आहे.

ट्रॉलीच्या मागं लाल रेडियमची पट्टी लावायला फार खर्च येत नाही. खाचर, बंडी असेल तर मागच्या बाजूला जुनी सीडी किंवा रेडियमचा तुकडा बांधला तरी समोरच्याला दिसते.

रस्त्यावर धान वाळवायचा मोहही सोडावा लागेल. डांबर तापते, धान लवकर वाळते, हे सगळ्यांना माहीत आहे. मीही शेतकरीच आहे, घरात आंगण पुरत नाही ही अडचण माझीही आहे. पण धानावरून दुचाकीचं चाक घसरते. आणि धान झाकायला ठेवलेले दगड धान उचलल्यावर तसेच रस्त्यावर राहतात. रात्री त्याच दगडावर कोणाचं तरी पोरगं पडते. गावात समाजमंदिराचं, शाळेचं पटांगण असते. ग्रामपंचायतीशी बोलून त्याची वाटणी करून घेतली तर काम होते.

रात्रीचा प्रवास : मंडई, नाटक आणि जंगल

दिवाळी झाली की मंडया सुरू होतात आणि त्यासोबत झाडीपट्टीची नाटकं. वडसा हे या नाटकांचं मोठं ठाणं. नाट्य मंडळ्यांची कार्यालयं तिथंच आहेत, आणि नाटक ठरवायला गावोगावचे लोक तिथंच जातात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला घरातल्याला मिळाल्यासारखं वाटलं. नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते. म्हणजे हंगामाच्या रात्री या रस्त्यावर नेपथ्याच्या गाड्या, कलावंतांच्या गाड्या आणि झोपेनं डोळे जड झालेले प्रेक्षक, सगळे सोबतच असतात. पहाटे चारला निघण्यापेक्षा उजाडेपर्यंत थांबा. चहा पिऊन निघालेला घरी पोचते.

दुसरी गोष्ट जंगलाची. उत्तरेला नागझिरा, पूर्वेला नवेगाव, दक्षिणेला वडसा आणि ब्रह्मपुरीचं जंगल. या सगळ्यांच्या मधात आपण आहोत. 'सीटी-१' या वाघानं गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यात मिळून १३ माणसं मारली होती. १३ ऑक्टोबर २०२२ ला त्याला वडसा वनविभागात बेशुद्ध करून पकडलं. तो गेला म्हणजे वाघ संपले असं नाही. जंगलाच्या पट्ट्यात पहाटे आणि सांजच्याला गाडी हळू चालवा, रस्त्याच्या कडेला उतरून थांबू नका. रानडुक्कर आणि चितळ आडवं येणं तर नेहमीचंच. एक पार झालं की लगेच गाडी दामटू नका, मागून दुसरं येते.

रस्ता कोणाचा, हे दगडावरून ओळखा

आपल्याकडे रस्त्यांचे प्रकार पाच : राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारचा. त्याचं काम काही ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करते, तर काही ठिकाणी राज्याच्या बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा करते.

रस्ता ओळखायची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य मार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा रस्ता. नारिंगी असेल तर गावाचा रस्ता.

हे का माहीत पाहिजे? कारण ३५३ सी वरच्या खड्ड्याची तक्रार ग्रामपंचायतीत दिली तर ग्रामपंचायत काही करू शकत नाही. आणि फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याची तक्रार महामार्गवाल्यांना दिली तर ते म्हणतील, आमचा नाही. दोघंही खरंच बोलतात, पण मधात आपले सहा महिने जातात.

तक्रार अशी द्या :

- पिवळ्या दगडावरचा किलोमीटर नंबर लिहा. दोन दगडांच्या मधात असेल तर दोन्ही नंबर लिहा.
- खड्ड्याचा फोटो असा काढा की मागं ओळखीची खूण दिसेल. तारीख टाका.
- राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा चोवीस तासांचा नंबर आहे. 'राजमार्गयात्रा' या ॲपवरही फोटोसह तक्रार देता येते.
- लेखी अर्ज दिला तर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच धरा.
- उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा : या किलोमीटरची देखभाल सध्या कोणाकडे आहे, ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे. रस्ता नवीन केल्यावर ठरलेल्या काळापर्यंत दुरुस्ती ठेकेदारानंच करायची असते. ती तारीख माहीत झाली की निम्मं काम होते.

जमीन जात असेल तर

सगळ्यात जास्त नुकसान इथं होते, आणि तेही बहुतेक वेळा माहिती नसल्यानं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. त्याचे टप्पे असे आहेत :

१. कलम ३ अ (कागदावर '३ए'). सरकार राजपत्रात जाहीर करते की अमुक गटाची जमीन घ्यायची आहे. दोन स्थानिक वर्तमानपत्रांतही ते छापते, त्यातलं एक मराठी असावं लागते.

२. कलम ३ क ('३सी'). राजपत्रातल्या तारखेपासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. सुनावणी मागता येते. हे २१ दिवस गेले की गेले.

३. कलम ३ ड ('३डी'). पुढची घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारची होते. पहिल्या जाहीरनाम्यापासून एक वर्षात ही घोषणा निघाली नाही तर पहिला जाहीरनामा रद्द होतो.

४. कलम ३ ग ('३जी'). सक्षम अधिकारी मोबदला ठरवतो. बहुतेक ठिकाणी उपविभागीय अधिकारी हे काम बघतात. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. पैसे उचलताना 'हरकत कायम ठेवून स्वीकारले' असं लिहून द्या.

१ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या जमिनीलाही २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले मोबदल्याचे नियम लागू झाले आहेत. त्यामुळं फक्त जमिनीचे पैसे बघू नका. विहीर, बोअर, झाडं, पाईपलाईन, घर, गोठा सगळं मोजणीत आलं का ते बघा.

जाहीरनामा निघायच्या आधीच करून ठेवायची कामं दोन. पहिलं, सातबारा ताजा करा. बाप जाऊन दहा वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव असेल, तर पैसे वारसाच्या भांडणात अडकतात. दुसरं, भूमी अभिलेख कार्यालयातून जमिनीची मोजणी करून घ्या. जुन्या रस्त्याची सरकारी हद्द कागदावर किती आहे आणि आपला धुरा कुठं आहे हे माहीत पाहिजे. आपण वर्षानुवर्षं रस्त्याच्या हद्दीत पेरत आलो असू तर त्याचा मोबदला मिळत नाही. आणि उलट, रस्ता आपल्या बांधीत सरकला असेल तर तेही मोजणीतच सिद्ध होते.

महामार्गाच्या कडेला टपरी टाकायची, घर बांधायचं किंवा शेतात जायला नवीन वाट काढायची असेल तर परवानगी लागते. २००२ च्या कायद्यानं महामार्गाच्या जमिनीवरचं अतिक्रमण काढता येते. दुकानात पैसे गुंतवायच्या आधी विचारून घ्या.

अपघात दिसला तर

पहिला फोन १०८ ला, रुग्णवाहिकेसाठी. दुसरा ११२ ला. दोन्ही ठिकाणी जवळच्या पिवळ्या दगडाचा नंबर सांगा.

जखमीला दवाखान्यात नेलं तर आपणच अडकू, ही भीती काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ प्रमाणं मदत करणाऱ्यावर कोणतीही केस होत नाही. पोलीस किंवा दवाखाना त्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळायची केंद्र सरकारची योजना आहे. दवाखान्यात पोचल्याबरोबर याबद्दल विचारा. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी मृताच्या घरच्यांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करायचा असतो. पोलीस ठाण्याची नोंद आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

लक्षात ठेवायचं एवढंच

रस्त्याचा नंबर ३५३ सी. तातडीचे फोन १०८, ११२ आणि १०३३. जमिनीच्या हरकतीचे दिवस २१. आणि आपल्या गावाजवळच्या पिवळ्या दगडावरचा आकडा. उद्या शेतावर जाताना तो दगड वाचून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना, विशेष करून शाळेत जाणाऱ्या पोरांना, पाठ करायला लावा. रात्री-बेरात्री फोनवर 'आम्ही कुठं आहो' हे सांगायची वेळ आली, तर तोच आकडा कामी पडते.